मोठ्या टायरांची पिकअप

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मला माझ्याच जिल्ह्यात ड्यूटी लागली. नकाशावर ढोकी आणि तेरणा नदी दाखवून ऑफिसरनं विचारलं, "सुभेदारसाहेब, हा भाग माहीत आहे?" मी म्हटलं, "जी. पलीकडं लोहारा तालुक्यात माझं गाव आहे, सास्तूर." भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी शाळकरी पोर होतो. जवानांनी दगड बाजूला करून मला आणि बहिणीला बाहेर काढलं होतं. हे मी तिथं सांगितलं नाही. ब्रीफिंगमध्ये असलं काही सांगत नाहीत.

मूव्ह ऑर्डर संध्याकाळी आली. पूर आला होता, कलेक्टर ऑफिसनं लष्कराची मदत मागितली होती. इंजिनीअर्सचा एक कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, निघाला. मी ईएमईचा, म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेचा. नायब सुभेदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. मधली तीन वर्षं ट्रेनिंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर होतो. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ब्रेक हे माझे विषय. कॉलमच्या गाड्या चालत्या ठेवणं एवढंच माझं काम.

कॉलम कमांडर कॅप्टन राणा. वय तिशीच्या आत, कमी बोलणाऱ्या बाई. जवान त्यांना मॅडम म्हणत. त्यांचं बोलणं हिंदी-इंग्रजी, मी इथं मराठीत देतो. त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर नाईक पांडुरंग खोत. राधानगरीकडचा, घाटात वाढलेला. माझ्या हाताखालून गेलेल्या ड्रायव्हरांत त्याच्याइतका गाडीचा आवाज ऐकणारा दुसरा नव्हता. जेवताना सुद्धा बाहेरून गाडी गेली की घास थांबवून म्हणायचा, "बेअरिंग गेलंय तिचं." आणि पुढचा घास घ्यायचा.

पहाटे धाराशिव ओलांडलं आणि उजाडताना ढोकीच्या पलीकडं पोचलो. पहिला दिवस नेहमीसारखा गेला. एका शाळेत तळ टाकला, बोटी उतरवल्या, दोन वस्त्या रिकाम्या केल्या. लोकांनी सामानात शेळ्या, शिलाई मशीन, देवघर असं काय काय आणलं. एका आजीनं कोंबडी पदराखाली लपवली होती. बोटीत ती ओरडायला लागली तेव्हा आजी म्हणाल्या, "न्हाय रं बाबा, माझं पोट वाजतंय." खोत त्या दिवसात तेवढाच हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर मेसेज आला. नदीकाठच्या एका वस्तीवर बायका-पोरं धरून चाळीसेक माणसं शाळेच्या स्लॅबवर चढून बसली होती. पाणी खिडक्यांच्या वर गेलं होतं आणि वरच्या अंगाला अजून पाऊस चालू होता. सरळ रस्त्यावरचा पूल पाण्याखाली. दुसरा रस्ता माळावरून होता. आधी एक लहान नळकांड्यांचा पूल, मग डोंगराची चढण, चढण उतरली की पाणी.

आम्ही ट्रक घेऊन निघालो, मागं ट्रेलरवर फायबरची बोट. लहान पुलापाशी थांबावं लागलं. पूल एका बाजूनं खचला होता. मॅडमनी उतरून पाहिला. "ट्रक जाणार नाही," म्हणाल्या. ट्रेलर सोडवला आणि तो आम्ही हातानं ढकलत पलीकडं नेला. आता ओढायला हलकी गाडी हवी होती. जवळचे ट्रॅक्टर आधीच दुसऱ्या गावात माणसं काढायला गेले होते. बोट खांद्यावर चढवून न्यायची तर दुपार झाली असती. स्लॅबवरच्या माणसांकडं दुपार होती की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात भैया आला.

त्याचं नाव मला माहीत आहे, पण ते छापून यावं एवढी त्याची लायकी नाही. त्या भागातला तरुण पुढारी. कशाचा पुढारी ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याची काळी पिकअप पुलावरून डुलत आली. हलकी म्हणून पार झाली. आधी टायर दिसले, मग गाडी. मूळ टायरांपेक्षा कितीतरी मोठे, गाठीगाठींचे टायर, बॉडीच्या बाहेर आलेले. टायर बसावेत म्हणून बॉडी वर उचललेली. टपावर दिव्यांची रांग. मागं मोठं स्टिकर, 'फोर बाय फोर'.

तो मॅडमच्या समोरून गेला आणि माझ्यापाशी येऊन उभा राहिला. "साहेब, गाडी घ्या. ही कुठंबी चढती."

मी म्हटलं, "कमांडर त्या आहेत."

त्यानं मॅडमकडं पाहून नमस्कार केला आणि पुन्हा माझ्याशीच बोलायला लागला.

जे गाड्यांत मुरलेले नाहीत त्यांच्यासाठी इथं थोडं सांगतो. इंजिन फिरतं वेगानं, चाक फिरतं हळू. मध्ये डिफरन्शियलमध्ये क्राउन आणि पिनियन अशी दोन दातेरी चक्रं असतात. इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती फेरे फिरला म्हणजे चाक एक फेरा फिरतं, तो अॅक्सल रेशो. कंपनी तो टायरचं माप धरून ठरवते. तुम्ही टायर मोठं केलं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते आणि तेवढं जास्त ओझं इंजिनावर पडतं. म्हणजे तुमचा पहिला गिअर दुसऱ्यासारखा होतो. सायकलवाला चढाला पुढच्या मोठ्या चक्रावर चेन टाकून बसला तर जे होईल तेच. सपाटीवर कळत नाही. स्पीडचा काटा सुद्धा खोटं बोलतो, गाडी पळते त्यापेक्षा कमी दाखवतो. ब्रेक तेवढाच राहतो आणि त्याला थांबवायचं चाक मोठं होतं. यावर उपाय एकच. टायर बदलले तर क्राउन-पिनियनही बदलायचं, जास्त रेशोचं टाकायचं. ते काम खर्चाचं, किचकट, आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून ते कुणी करत नाही.

मी खाली वाकून पाहिलं. पुढच्या चाकांकडं जाणारा शाफ्टच नव्हता. साधी मागच्या चाकांवर ओढणारी गाडी.

"फोर बाय फोर कुठंय?" मी विचारलं.

तो हसला. "ते नुसतं स्टिकर हाय साहेब. खोटं कशाला बोलू."

"आणि मागं? टायर बदलले, क्राउन-पिनियन बदललं का?"

"व्हय तर. पुण्यात करून घेतलंय. सगळं मॅचिंग."

एक खोटं कबूल केलं की माणसाचं दुसरं खरं वाटायला लागतं. हे त्याला माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. मला वाटतं नव्हतं. एवढी अक्कल असती तर टायर बदलले नसते.

मी मॅडमना सांगितलं. रेशो बदललेला असेल तर गाडी चढेल. नसेल तर अर्ध्यात बसेल. तपासायचं तर चाक उचलून शाफ्टचे फेरे मोजायला लागतील. मॅडमनी नदीच्या दिशेला पाहिलं. रेडिओ ऑपरेटरच्या हातातला सेट बोलत होता, समोरच्या काठावरून पाण्यावर नजर ठेवणारी आमची दुसरी टोळी.

"अल्फा, अल्फा फॉर ब्राव्हो. पाणी स्लॅबपासून तीन फूट. वाढतंय. ओव्हर."

"ब्राव्हो, रॉजर. बोट निघते आहे. आउट." मॅडम माझ्याकडं वळल्या. "साहेब, गाडी जोडा."

त्यांच्या जागी मी असतो तर हाच निर्णय घेतला असता. पुढं चौकशीतही मी असंच सांगितलं.

जोडतानाच आणखी एक गोष्ट दिसली. गाडी उचललेली, त्यामुळं तिचा हुक वर. ट्रेलरचं नाक आभाळाकडं. बोटीचा भार मागं सरकला की ट्रेलर पिकअपची शेपटी वर उचलणार आणि ओढणारी मागची चाकं हलकी पडणार. म्हणून चार जवान मागच्या हौद्यात अॅक्सलच्या वर बसवले आणि पेट्रोलचे जेरीकॅन त्यांच्या पायाशी रचले. दोन सॅपरना, म्हणजे इंजिनीअर्सच्या जवानांना, चाकामागं टाकायचे लाकडी गुटके देऊन ट्रेलरच्या बाजूनं, डोंगराच्या अंगाला चालायला सांगितलं.

भैयाला स्वतः चालवायची होती. मॅडम म्हणाल्या, "ड्रायव्हर माझा." मग गाडी माझी आहे, मी आत बसणारच, असं म्हणून तो खोतच्या शेजारी चढला. फोन काढला आणि समोर धरला. त्याचं चित्रीकरण सुरू झालं होतं.

खोतनं शंभरएक पावलं गाडी सपाटीवर नेली आणि थांबवली. खिडकीतून मला म्हणाला, "साहेब, पहिल्यात बी दुसऱ्यागत उठतीया ही."

मी भैयाला पुन्हा विचारलं. "क्राउन-पिनियन बदललंय, नक्की?"

"आईशप्पत साहेब. किती येळा सांगू?"

खोतनं माझ्याकडं पाहिलं. मी मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "चला."

चढण फार लांब नव्हती. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला उतरतं तुरीचं रान, वाटेवर खडी आणि पाणी. मधे एक वळण. मी आणि मॅडम गाडीच्या पुढं चालत होतो. वळणाच्या खाली मागून गावची माणसं येत होती, कुणाच्या डोक्यावर भाकरीची गाठोडी, कुणाच्या हातात दोर. त्यांना लांब राहायला सांगितलं होतं. पण त्यांचे नातेवाईक त्या स्लॅबवर होते. ती माणसं लांब राहणार नव्हती.

वळणापर्यंत गाडी आली. वळणावर वेग गेला आणि इंजिनाचा आवाज खाली बसला. मी शिकवायचो त्यातला अगदी पाठ झालेला आवाज. ओझ्याखाली दबलेलं इंजिन घुमत नाही, कण्हतं. खोतनं अर्ध्या क्लचवर तिला धरली. दुसरा मार्ग नव्हता, पहिल्याच्या खाली गिअर नसतो. जळक्या क्लच प्लेटचा वास आला. मग इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला आणि गाडी जागेवरच राहिली. क्लच गेला.

"गुटके!" मी ओरडलो.

एक गुटका ट्रेलरच्या चाकामागं पडला. खोत ब्रेकवर उभा होता. गाडी क्षणभर थांबली, मग मोठमोठे टायर खडीवर सरकायला लागले. गुटका ओल्या खडीत रुतला आणि फेकला गेला.

"उड्या मारा," खोत म्हणाला. ओरडला नाही, मोठ्यानं म्हणाला. हौद्यातले चौघं डोंगराच्या बाजूला उतरले. त्यांच्याही आधी भैया उतरला होता. दार उघडं टाकून.

खोतलाही उडी मारता आली असती. त्याच्या बाजूला मोकळी जागा होती. पण आरसा त्याच्या समोर होता आणि आरशात वळणाखालची माणसं. भाकरी घेऊन आलेल्या बायका सगळ्यांत पुढं होत्या. गाडी सरळ मागं गेली असती तर त्यांच्यावर गेली असती. त्यानं स्टीअरिंग पूर्ण फिरवलं. ट्रेलर आडवा झाला, हुक तुटला. बोट तुरीच्या रानात घसरत गेली आणि पिकात जाऊन थांबली. पिकअप उंच होती. मूळ उंचीची असती तर कदाचित आडवी होऊन चाकांवर थांबली असती. ती उलटली.

आम्ही पोचलो तेव्हा खोत केबिनखाली होता. जवानांनी गाडी उचलून धरली, मी त्याला बाहेर काढलं. नाडी पाहिली. मॅडम गुडघ्यावर बसून त्याच्या छातीवर दाब देत राहिल्या, बराच वेळ. मग थांबल्या. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि उभ्या राहिल्या.

"बोट?" त्यांनी विचारलं.

सॅपरनं रानातून उत्तर दिलं, "ठीक आहे मॅडम. मोटर पण ठीक."

माणसांच्या मागं एक जुनी पांढरी पिकअप येऊन उभी राहिली होती. तिचा मालक शिवलिंगअप्पा, भुसार मालाचा व्यापारी. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. घरी कानडी, बाहेर मराठी बोलणारा. ढोकीच्या बाजारातून भाकरी आणि पाण्याचे कॅन घेऊन आला होता. त्याच्या गाडीला कंपनीनं दिलेले टायर होते. बॉडीला पोचे होते. स्टिकर एकच, एका देवाचं.

"ओझं नेती का?" मी विचारलं.

"तुरीची पोती भरून रोज ह्याच वाटेनं नेतो की ओ," अप्पा म्हणाले. त्यांनी खोतकडं पाहिलं, हात जोडले, आणि लगेच भाकरीची गाठोडी उतरवायला लागले. जागा करून देत होते.

बोट आणि ट्रेलर रानातून वाटेवर ओढून आणले, तुटलेला हुक दोरानं आणि साखळीनं बांधला. या वेळी गाडी मी चालवली. ती पहिल्या गिअरमध्ये चढली. वेगळं काही झालं नाही. गाडी चढते तेव्हा असंच होतं, सांगण्यासारखं काही घडत नाही. आम्ही बोट पाण्यात टाकली तेव्हा पाणी स्लॅबला लागलं होतं. खेपा करून सगळी माणसं काढली. एक म्हातारे गृहस्थ शेवटपर्यंत उतरायला तयार नव्हते, त्यांना त्यांच्या सुनेनं दटावून बोटीत बसवलं. कुणी दगावलं नाही.

तोवर खोत ताडपत्रीखाली होता. एक जवान त्याच्यापाशी गार्ड म्हणून उभा. गावच्या बायका थोड्या अंतरावर बसून होत्या. त्यांना जा म्हणून सांगितलं तर त्या गेल्या नाहीत. त्यांतली एक म्हणाली, "आमच्यावर गाडी येत होती, आमी बघितलंय. आता कशाला जाऊ?" खोतला खाली नेलं तेव्हा त्या उठल्या.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, झाली. टेक्निकल तपासणी माझ्याकडं आली. गाडी सरळ करून तळावर आणली होती. एक चाक जमिनीवर ठेवलं, दुसरं जॅकनं उचललं, शाफ्टला खडूनं खूण केली. सॅपरनं चाक सावकाश दोन फेरे फिरवलं आणि मी शाफ्टचे फेरे मोजले. खात्रीसाठी डिफरन्शियल खोललंही. क्राउन-पिनियन कंपनीतून आलं तेच होतं. बोल्टांना पाना सुद्धा लागला नव्हता.

भैयाला बोलावलं होतं. त्याच्या कपाळाला एक पट्टी होती, उडी मारताना खरचटलेल्या जागी. मॅडमनी त्याला बसायला सांगितलं नाही.

"तुम्ही शपथ घेतली होती," मी म्हटलं.

तो खाली पाहत होता. "करायचंच होतं साहेब. ठरवलं होतं. पण आधी टायर घेतले."

"का?"

त्यानं थोडा विचार केला. मला वाटतं टायरांबद्दल पहिलं खरं वाक्य तो तेव्हा बोलला. "दिसतात ते टायरच ना साहेब."

मॅडमनी कागद बंद केला. "यांना बाहेर न्या," म्हणाल्या. पोलिसांनी काय केलं ते सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही केलं नाही.

महिन्याभरानं मी सुट्टीवर आलो तेव्हा वाटेत ढोकीच्या चौकात फ्लेक्स लागला होता. महापुरात लष्कराच्या खांद्याला खांदा लावणारे आपले लाडके भैया. फोटोत तो गाडीत बसलेला होता. स्वतः काढलेला फोटो. त्याच्या मागं स्टीअरिंगवर लष्करी वर्दीची एक बाही दिसत होती. खोतचा चेहरा फोटोतून कापून टाकला होता.

मी रिटायर झालो. आता धाराशिवमध्ये राहतो. गावात पिकअप घेणारा पोरगा पहिल्यांदा गाडी देवाला नेतो आणि तिथून थेट टायरच्या दुकानात. कधी कुणी विचारलं तर सांगतो. बहुतेक जण ऐकून घेतात आणि म्हणतात, "काका, लुक पण पायजे की." लुक. माणूस ओझ्यासाठी गाडी घेतो, तिची ओझं ओढायची ताकद काढून टाकतो आणि वर दिवे लावतो. पूर्वी मी वाद घालायचो. आता फक्त त्यांच्या गाडीत बसत नाही.

खोतच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. बायको अंगणवाडीत काम करते. तिला मी सगळं सांगितलं, टायर आणि रेशो सुद्धा, कारण तिनं विचारलं. तिनं नीट ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाली, "आवाज ऐकला असंल त्यांनी. त्यांना कळलं असंल आधीच." मी म्हटलं, "हो. मला सांगितलं होतं त्यानं." ती म्हणाली, "तरी चढवली." मी म्हटलं, "ऑर्डर होती. आणि पलीकडं माणसं होती." तिनं मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली.

यंदा शिवलिंगअप्पांच्या नातवाच्या लग्नाला गेलो. एसटीनं गेलो, माळावरच्या त्याच रस्त्यानं. पूल नवा झाला आहे. मागच्या सीटवरच्या एका बाईनं कंडक्टरला सांगितलं, "खोताच्या चढाला एक द्या." मी वळून पाहिलं. कंडक्टरनं तिकीट काढलं. तो नवीन होता, लातूरकडचा असावा.

मी त्याला विचारलं, "खोताचा चढ का म्हणतात?"

"काय की. असंल कुणीतरी जुना खोत, जमीनवाला."

बाई मधेच बोलली. "जमीनवाला न्हाय ओ. मिलिटरीतला डायव्हर व्हता. आमच्या सासूच्या अंगावर येणारी गाडी त्यानं रानात घातली आन सोता मेला." ती थांबली. मग मलाच समजावून सांगितलं, "लांबचा व्हता, कोल्हापूरकडचा. त्याचं हिथं कुणीच नव्हतं."

मी म्हटलं, "नाईक पांडुरंग खोत."

"व्हय," ती म्हणाली. "पांडुरंग. आमी नैवेद ठेवतो की त्याला, दरसाली."

पायथ्याशी ड्रायव्हरनं गिअर खाली घेतला आणि गाडी चढाला लागली. ती बाई वळणावर उतरली.